आईचे खालचे सात दात

आई जेवायला बसली की तिच्या खाण्याचा आवाज यायचा. बाबांना ते आवडायचं नाही. सरकारी क्वार्टरच्या भिंती पातळ, पलीकडच्या मिश्राजींकडे काय ऐकू जाईल याची त्यांना कायम धास्ती. मला मात्र तो आवाज हवाहवासा वाटायचा. आईला वरच्या जबड्यात जेमतेम दोन दात उरले होते, तेही डुलणारे. खाली मात्र समोरचे सहा आणि त्यांना लागून डावीकडे एक, असे सात दात पक्के होते. मशेरीने काळवंडलेले, धार गेलेले, पण मुळाशी घट्ट. तेवढ्यावर ती सगळं खायची. उन्हाळ्यात मलिहाबादचा दशहरी आला की आम्ही आंबे खाऊन कोयी ताटात टाकायचो, आणि ती त्या सगळ्या उचलून अंगणाच्या पायरीवर जाऊन बसायची. खालच्या दातांनी कोय खरवडायची. खर्र, खर्र, जरा थांबून पुन्हा खर्र. कोय पांढरी पडेपर्यंत तिचं समाधान व्हायचं नाही. "केवढा गर टाकून देता रे तुमी," असं म्हणायची, पण मला वाटतं, आम्ही गर सोडला नसता तर तिला वाईट वाटलं असतं.

आमचं क्वार्टर सरोजिनी नगरला होतं. कानपूर रोडच्या दोन्ही अंगांना तेव्हा आमराया होत्या, आणि दिवसातून एखाद-दुसरं विमान इतकं खालून जायचं की आई वाळत घातलेले कपडे हाताने धरून उभी राहायची. बाबा तार खात्यात होते. विचारात पडले की त्यांची बोटं टेबलावर कट्ट-कडकट्ट चालू व्हायची, आणि धाकटी ज्योती म्हणायची, "बाबा, किसको तार भेज रहे हो?" तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच. आई भंडाऱ्याकडची. लखनौला येऊन बारा-पंधरा वर्षं झाली तरी सब्जीवाल्या भैयाशी ती भंडाऱ्याचीच भाषा बोलायची आणि तो आवाज चढवून लखनौची, आणि दोघांचं व्यवस्थित जमायचं. ज्वारी इकडे मिळत नसे. नागपूरहून कुणी येणार असलं की आधी पत्र यायचं, मग बाबा सायकलवरून चारबाग स्टेशनला जाऊन गाडीची वाट पाहत, आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी, जवसाची चटणी, लाल मिरच्या असा ऐवज घरी येई. त्या दिवशी भाकरी. आई भाकरीचा पापुद्रा काढून आधी तोच खायची, नुसता, कडक. तोही आवाज मला आठवतो.

आता मी इंदिरा नगरला राहतो. घराजवळून मेट्रो जाते, कोपऱ्यावरच्या दुकानात ज्वारीचं पीठ बाराही महिने मिळतं. साठी गाठलेल्या माणसाने आईच्या चावण्याच्या आवाजासाठी तळमळावं, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण मी आयुष्यभर दातांचंच काम केलं, हजारो लोकांच्या तोंडात डोकावलो, आणि मला ऐकायची आहे ती एका कोयीची खरखर. ती मीच थांबवली. ते कसं झालं, ते एकदा लिहून ठेवायचं आहे.

मी डेंटलला गेलो तो दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून. मेडिकलच्या यादीत माझं नाव आलं नाही, डेंटलच्या यादीत खालून पाचवं आलं. बाबा दोन दिवस टेबलावर बोटं वाजवत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दातांचा असला तरी डॉक्टरच." त्यांच्या दृष्टीने विषय संपला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी सीनियर मुलांनी आम्हाला व्हरांड्यात रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : "डेंटल क्यों लिया?" कानपूरचा एक मुलगा म्हणाला, पिताजींचा दवाखाना आहे, खुर्ची तयार आहे, बसणारा हवा. एक मुलगी म्हणाली, यात रात्रीची ड्यूटी नसते, म्हणून घरून परवानगी मिळाली. एकाला इराणला जायचं होतं, तिकडे दातांच्या डॉक्टरला बंगला देतात असं त्याने ऐकलं होतं. माझ्या शेजारी इक्बाल होता, तो पुढे चार वर्षं माझा मित्र राहिला. तो म्हणाला, "सर, सच बोलूं? नंबर कम थे." त्याला टाळ्या मिळाल्या. मग माझ्यावर पाळी. नंबर माझेही कमीच होते, पण ते वाक्य वापरून झालं होतं. मी म्हणालो, "सर, मां के दांत बहुत खराब हैं. इसलिए."

एक जण म्हणाला, "अरे, कोई रूमाल दो भाई इसको," आणि सगळा व्हरांडा हसला. त्या दिवसापासून माझं नाव 'मां के दांत'. कँटीनमध्ये, बसमध्ये, वसतिगृहाच्या जिन्यात, "अबे मां के दांत, इधर आ." खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत आईच्या दातांचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

इक्बालने पहिल्यांदा घरी आल्यावर हे ज्योतीला सांगितलं, ज्योतीने आईला. आई हात पुसत बाहेर आली. "माह्यासाठी घेतलं म्हने तू हे शिक्शन?" तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मोडायचं धैर्य मला झालं नाही. मी मान हलवली. मग ती सगळ्यांना सांगू लागली. मिश्राजींच्या बायकोला, सब्जीवाल्याला, नागपूरहून ज्वारी घेऊन येणाऱ्या माणसालाही. "माह्या पोरानं माह्या दातासाठी डाक्टरी घेतली." बाबांना खरं कारण माहीत होतं. ते टेबलावर बोटं वाजवत राहिले.

शेवटच्या वर्षाला आलो तसा प्रश्न बदलला. आता कुणी 'डेंटल क्यों' विचारत नव्हतं, 'पास होकर क्या' असं विचारत होते. कानपूरवाल्याची खुर्ची त्याची वाट पाहत होती. इराणवाल्याचं इराण बिनसलं होतं, तो आता लिबियाचं नाव घ्यायचा. रात्रीची ड्यूटी नको असलेल्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला आता नोकरी करायची होती, रात्रीचीसुद्धा. इक्बालला चौकात, त्याच्या मामूंच्या अत्तराच्या दुकानावरच्या खोलीत, दवाखाना थाटायचा होता. "नीचे खुशबू, ऊपर बदबू," तो म्हणायचा. मला फौजेत जायचं होतं. बाबांनी पेपरातली जाहिरात कापून ठेवली होती. दातांच्या डॉक्टरला फौजेत थेट कॅप्टन करतात. आमच्या घराण्यात वर्दी घातलेलं कुणी नव्हतं. बाबा ते कात्रण खिशात घेऊन ऑफिसला जात. त्या मुलाखतीला बसायचं तर एप्रिलच्या परीक्षेत पास होणं भाग होतं. एप्रिल चुकला तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

आणि परीक्षेला बसायचं तर कामं पुरी हवीत. आमच्याकडे पद्धत अशी होती की प्रत्येक विद्यार्थ्याने ठरलेल्या संख्येने दात काढायचे, ठरलेल्या संख्येने भरायचे, आणि दोन पूर्ण कवळ्या बसवायच्या. पूर्ण म्हणजे वर-खाली एकही दात नसलेल्या माणसाच्या. एक दात जरी शिल्लक असला तरी ती कवळी अर्धी, मोजणीत नाही. कवळी तोंडात बसवलेला पेशंट विभागप्रमुखांसमोर आणायचा, त्यांनी बघायचं, आणि कामाच्या वहीत सही करायची. ती सही नसेल तर परीक्षा नाही. त्यामुळे बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांना आमच्यात फार भाव होता. सकाळी ओपीडीच्या फाटकापाशी आम्ही उभे राहायचो आणि आत येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला म्हणायचो, "बाबा, ज़रा मुंह खोलिए." एकदा इक्बाल आणि दुसरा एक मुलगा यांची एका म्हातारीवरून मारामारी होता होता राहिली. तिने तोंड उघडलं तर आत अकरा दात.

माझी एक कवळी झाली होती. दुसऱ्यासाठी मलिहाबादचे एक आजोबा सापडले होते, आमराईची राखण करणारे. त्यांची मापं घेतली, मेणावर चावा घेतला, आणि दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. मी बस पकडून मलिहाबादला गेलो. कळलं, लेकीकडे बिहारात गेले, आता तिकडेच राहणार. आमराईच्या झोपडीत त्यांची खाट उभी करून ठेवलेली होती. परतीच्या बसमध्ये मी हिशेब केला. डिसेंबर लागला होता. नवा पेशंट शोधायचा, मापं घ्यायची, कवळी करायची, तर मार्चही निघून जाणार. वर्गातले चौदा जण अजून म्हातारे शोधत होते. आणि मग बस शहरात शिरली तेव्हा माझ्या मनात आलं की घरी आहे की. वरचे दोन, खालचे सात.

आई त्या संध्याकाळी मटार सोलत बसली होती. ज्योती समोर अभ्यास करत होती. मी सरळच विषय काढला.

"आई, तुझे दात काढून कवळी बसवू या."

"कायले? दुखत नाई काई मले."

"वरचे दोन हलतात."

"मंग ते दोन घे."

"खालचेही हलायला लागलेत. मी पाहिलेत."

तिने अंगठा खालच्या दातांवर ठेवून जोर लावला. "हे? हे त नाई हालत रे."

"तुला कळत नाही त्यातलं. आतून कमजोर झालेत. वरून घट्ट वाटतात, मग एकदम जातात, आणि तेव्हा फार त्रास होतो."

ज्योतीने वहीतून डोकं वर काढलं. "क्या बोल रहे हो भैया? मम्मी ने कल ही तो पूरी गाजर खाई है, यार."

"तू डॉक्टर आहेस का?"

"तुम हो क्या? अभी तो नहीं हो."

आई बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुह्या परीक्शेले लागते का?"

मी म्हणालो, "त्यासाठी नाही. पण… हो, काम पण होईल."

"मंग असं सांग नं," ती म्हणाली. "घे काढून. माह्यासाठीच त शिकला तू."

तीन खेपांत काढले. केस पेपरवर मी लिहिलं, सर्व दात हलणारे, ठेवण्यालायक नाहीत. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी न बघताच खाली सही केली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. आई खुर्चीत बसली तेव्हा तिने आधी चपला काढून खुर्चीखाली एकाला एक लावून ठेवल्या. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. वरचे दोन बोटाने निघाले. खालच्या सातांतले पुढचे चार मी दुसऱ्या खेपेला काढले आणि उरलेले तीन तिसऱ्या. उजव्या बाजूचा सुळा निघेना. मी खूप जोर लावला. इक्बालने तिचा जबडा दोन्ही हातांनी धरला होता आणि म्हणत होता, "बस अम्मी, बस, हो गया." तिने खुर्चीचा दांडा पकडला होता, पण तोंडातून आवाज काढला नाही. सुळा निघाला तेव्हा त्याचं मूळ लांब, पांढरं, स्वच्छ होतं. दाताचं मूळ असं दिसलं की तो अजून वीस वर्षं टिकणार होता, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. इक्बालने त्या दाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "यार…" म्हणाला, आणि कापसाचा बोळा माझ्या हातात दिला. बोळा तोंडात असताना आईने विचारलं, "निंगाला?" मी हो म्हणालो. "दाखव नं मले." मी म्हणालो, "टाकला." तो माझ्या हाताशेजारच्या ट्रेमध्ये होता.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. ते नऊ दात माझ्या दात काढण्याच्या कामातही मोजले गेले.

हिरड्या भरायला दोन महिने गेले. आईचे गाल आत गेले, ओठ आत वळले, पन्नाशीही न गाठलेली बाई एकदम तिच्या आईसारखी दिसू लागली. वरणात भात कालवून, बोटांनी चुरून खायची. त्या दोन महिन्यांत ज्वारी आली, बाबांनी चारबागहून पिशवी आणली, तेव्हा तिने सगळ्यांना भाकरी केली आणि स्वतःची दुधात भिजत टाकली. मी कवळीवर जीव ओतला. तेवढं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही थोड्याच वेळा केलं. मेणात दात लावताना, तिचे मूळचे पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले होते, तसेच मी लावले. माझ्या मनाची समजूत अशी होती की एवढं चांगलं काम झालं म्हणजे ते बाकीचं फिटेल.

मार्चमध्ये तिला माथुर सरांसमोर घेऊन गेलो. विभागप्रमुख माथुर सर म्हणजे अत्यंत अदबीचा माणूस. पेशंट शिपाई असो की जज्ज, आधी नमस्कार करणार. आईने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. सरांनी कवळी तोंडात बघितली, बोलायला लावलं, हसायला लावलं. "ख़ूब," म्हणाले. मग कवळी काढून त्यांनी आईच्या खालच्या हिरडीवर बोट ठेवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलं, आणि समोर आल्यावर थांबले. तिथे हिरडीखालचं हाड उंच, भरीव होतं. दात हलत हलत गेले की ते हाड झिजून सपाट होतं. त्यांनी केस पेपर वाचला. माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे वळून, फार मऊ आवाजात विचारलं, "माताजी, ये नीचे के दांत हिलते थे?"

मी आईला काही पढवलं नव्हतं. असा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, अगदी थोडंसं, आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "हां साहेब. बहोत हालते थे. रोटी नहीं खाने आती थी."

सरांनी आणखी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि सही केली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आई, चल, कचोरी खाऊ." ती म्हणाली, "नको. घरी चाल." बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी वही मांडीवर धरून बसलो होतो, आणि लाज वाटते लिहायला, पण मला आनंद झाला होता.

आमच्या घरी रोज सकाळी वंदना होत असे. बाबा अगरबत्ती लावायचे, आम्ही चौघं चटईवर बसायचो, आणि त्रिशरणानंतर पंचशील, पाच शिकवणी, पालीमध्ये, मोठ्याने. चौथी खोटं न बोलण्याची. पाचवी नशेपासून दूर राहण्याची, ती आली की बाबा आईकडे तिरपं बघायचे, आणि ती वंदना संपल्यावर म्हणायची, "मशेरी काय दारू हाय का?" हा रोजचा खेळ होता. त्या दिवशी सकाळी, म्हणजे माथुर सरांच्या सहीच्या दुसऱ्या दिवशी, पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आणि चौथ्याला आईचा आवाज आला नाही. मी डोळे उघडले. ती हात जोडून, डोळे मिटून बसली होती, ओठ बंद. पाचव्याला पुन्हा आवाज आला. बाबांनी नंतर विचारलं, "चौथं राहिलं का तुझं?" ती म्हणाली, "कवळीनं जीभ अडखळते." दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवसापासून मी चौथ्याला माझा आवाज चढवू लागलो, म्हणजे तिची जागा रिकामी वाटू नये.

मी एप्रिलमध्ये पास झालो. फौजेच्या मुलाखतीला गेलो, आणि माझी निवड झाली नाही. बाबांनी कात्रण कुठे ठेवलं ते मला माहीत नाही. पुढे एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लागलो, तिथून दुसऱ्या. सहा महिने उशीर झाला असता तरी आयुष्य हेच असतं. सुट्टीत घरी आलो की आई दारात कवळी लावून उभी असायची. खालची कवळी तिच्या तोंडात कधीच नीट टिकली नाही. खालची बहुतेकांची टिकत नाही. म्हणून तर खालचे दात होतील तेवढे राखायचे असतात, हे मी पुढे दवाखान्यात शिकायला येणाऱ्या मुलांना सांगितलंही. जेवताना ती काढून ठेवायची. ज्योती पत्रात लिहायची, हिंदीत, की "मम्मी सिर्फ़ आपके सामने पहनती हैं." दशहरी आले की आई गर पिळून वाटीत घ्यायची आणि चमच्याने खायची. आमच्या ताटातल्या कोयी तशाच राहायच्या, आणि आम्हीही हळूहळू कमी गर सोडायला लागलो. पायरीवर मग कुणी बसायचं नाही.

सात वर्षांनी माझी बदली लखनौला झाली. बाबा निवृत्त झाले होते. इंदिरा नगर तेव्हा नुकतं वसत होतं, तिथे घर घेतलं आणि त्या दोघांना आणलं. माथुर सरांचं घर दोन गल्ल्यांपलीकडे निघालं. एका रविवारी मी गेलो. सर अंगणात उन्हात बसून संत्रं सोलत होते. मला त्यांनी लगेच ओळखलं, खुर्ची मागवली, निम्मं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हणालो, "सर, एक बात कहनी है," आणि सगळं सांगितलं. म्हातारे आजोबा बिहारला गेल्यापासून केस पेपरवर लिहिलेल्या वाक्यापर्यंत.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बरख़ुरदार, वो तो मैं उंगली रखते ही समझ गया था. हिलते दांतों की हड्डी ऐसी नहीं होती."

"फिर सर, आपने साइन…"

"दांत तो जा चुके थे. तुम्हें रोक लेता तो क्या वापस आ जाते?" त्यांनी संत्र्याची बी काढून बाजूला ठेवली. "दस्तख़त तो मैं करता ही. संतरा खाइए."

मी जवळजवळ धावत घरी आलो. सात वर्षं आई रोज सकाळी चौथ्या शीलाला गप्प बसत होती, आणि मला वाटत होतं, आता मी तिला मोकळं करणार. तिच्या खोट्याने कुणी फसलंच नव्हतं. म्हणजे ते खोटं झालंच नाही, असा काहीतरी वकिली विचार माझ्या डोक्यात होता. ती गच्चीवर तांदूळ निवडत बसली होती. कवळी लावलेली नव्हती. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. आधी ते सांगितलं, जे सात वर्षांत सांगितलं नव्हतं : तुझे दात चांगले होते, मला माहीत होतं.

"मले बी माहीत होतं," ती म्हणाली. "माह्याच तोंडातले होते नं." आणि तांदूळ पुढे सरकवले.

मग मी माथुर सरांचं सांगितलं. तिची बोटं थांबली.

"म्हंजे त्याईले माहीत होतं?"

"हो. बोट लावल्याबरोबर."

"आन् सही करनारच होते?"

"हो. म्हणाले, करणारच होतो."

तिने सूप खाली ठेवलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. एखादं लहान मूल खरोखर काही कळलं नाही म्हणून बघतं, तशी तिने माझ्याकडे मान वळवली.

"मंग मले कायले इचारलं त्याईनं?"

मी म्हणालो, "काय माहीत." उत्तर मला माहीत होतं. मला विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, आणि माझ्या खोट्यावर सही करायला सरांना जड गेलं असतं. त्यांना एका भल्या बाईचा शब्द हवा होता. आजही माझ्या दवाखान्यात मुलगा आईला घेऊन आला की मी जे विचारायचं ते मुलालाच विचारतो, तिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अगरबत्ती लावली. ज्योतीचं लग्न झालं होतं, आम्ही तिघंच होतो. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला आई थांबली. मी सवयीने आवाज चढवायला श्वास घेतला, आणि तोंडातून शब्द फुटेना. बाबांनी ते एकट्यानेच म्हटलं, आपल्या रोजच्या संथ चालीत, शेवटपर्यंत, आणि डोळे न उघडता पाचवं सुरू केलं.